विस्तार आणि रक्षण : ‘डिप्लोमसी’ या पटखेळाचा एक पाठ

बुद्धिबळाचा पट आपल्याला परका नाही. सोंगट्यांचा पट आता घरातून बहुधा नाहीसा झाला असला, तरी वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यातून तो अद्याप डोकावतो. बुद्धिबळात पक्ष दोनच असतात आणि शत्रू कोण हे डाव मांडतानाच ठरलेले असते. सोंगट्यांत खेळणारे अधिक, परंतु तेथे दान पडेल त्यावर बरेचसे अवलंबून. या दोहोंहून निराळा असा एक पटखेळ पाश्चात्त्य देशांत गेली साठ-पासष्ट वर्षे आवडीने खेळला जात आहे. त्याचे नाव ‘डिप्लोमसी’, म्हणजे मुत्सद्देगिरी. यात खेळणारे सात. फासे नाहीत, पत्ते नाहीत. कोणता देश कोणाकडे यावा एवढ्यापुरतीच चिठ्ठी टाकतात. त्यानंतर दैवाचा हात पटास लागत नाही. आणि मुख्य गोष्ट ही, की आपला शत्रू कोण व मित्र कोण हे पटावर कोठेही लिहिलेले नसते. ते खेळणाऱ्यांनी आपसांत बोलून ठरवावयाचे असते.

या खेळात पहिल्या दोन वर्षांत विस्तार कसा करावा आणि केलेला विस्तार कसा राखावा, एवढाच विषय आम्ही येथे घेतला आहे. संपूर्ण खेळ एका लेखात मावणारा नाही. परंतु आरंभ नीट समजला, तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते, असे आम्हांस वाटते.

खेळाचा जन्म

या खेळाचा कर्ता अ‍ॅलन कॅल्हॅमर हा अमेरिकन गृहस्थ. त्याचा जन्म १९३१ चा. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असता सिडनी फे या इतिहासाच्या प्राध्यापकांकडून त्याने युरोपचा इतिहास अभ्यासिला. पहिले महायुद्ध कोणत्या कारणांनी पेटले याविषयीचा फे यांचा ग्रंथ त्या काळी मान्यता पावलेला होता. सात मोठ्या सत्ता, त्यांचे बदलते करार, एकमेकांविषयीचा संशय आणि शेवटी १९१४ चा वणवा, हे सर्व चित्र कॅल्हॅमरच्या मनात घोळत राहिले व १९५४ मध्ये त्याने त्यावरून हा खेळ रचला. व्यापाऱ्यांपैकी कोणी तो घेईना, म्हणून १९५९ मध्ये त्याने पदरच्या पैशाने पाचशे संच काढले. पुढे खेळ जगभर गेला. १९६३ पासून अमेरिकेत तो टपालाने खेळला जाऊ लागला आणि आता संगणकावरूनही खेळतात. कॅल्हॅमरने मात्र उत्तरायुष्यात टपाल खात्यात पोस्टमनची नोकरी केली. २०१३ मध्ये तो निवर्तला.

पट आणि मोहरी

पट म्हणजे १९०१ सालच्या युरोपचा नकाशा. जमीन व समुद्र मिळून त्याचे पंचाहत्तर प्रांत पाडलेले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये कोणासही पाऊल टाकता येत नाही. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, रशिया आणि तुर्कस्तान या सात सत्ता. पंचाहत्तरांपैकी चौतीस प्रांतांवर विशेष खूण असते. त्यांना आपण रसदकेंद्रे म्हणू. ज्याच्याजवळ जितकी रसदकेंद्रे, तितकीच त्याची फौज व आरमार. एकही कमी नाही, एकही अधिक नाही. आरंभी रशियाकडे चार व इतर सहांकडे प्रत्येकी तीन, अशी बावीस केंद्रे वाटलेली असतात. उरलेली बारा कोणाचीच नसतात. ती अशी : नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल, ट्यूनिस, सर्बिया, ग्रीस, बल्गेरिया व रुमानिया. जो अठरा केंद्रे मिळवील तो जिंकला.

मोहरी दोनच प्रकारची. फौज जमिनीवर चालते, आरमार समुद्रात व किनाऱ्यालगत. दोहोंचे बळ सारखेच, म्हणजे एक. एका प्रांतात एकच मोहरे राहू शकते. प्रत्येक वर्षात दोन चाली असतात, एक वसंत ऋतूची व एक शरद ऋतूची. प्रत्येक चालीपूर्वी सर्वांनी आपसांत खलबत करावयाचे. पहिल्या चालीपूर्वी अर्धा तास, पुढे पंधरा मिनिटे, असा प्रघात आहे. नंतर प्रत्येकाने आपले हुकूम चिठ्ठीवर गुप्तपणे लिहावयाचे आणि सर्व चिठ्ठ्या एकाच वेळी उघडावयाच्या.

हुकूम चार प्रकारचे. जागीच उभे राहणे, शेजारच्या प्रांतात जाणे, दुसऱ्याला कुमक देणे, आणि समुद्रातील आरमाराने फौजेस एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचविणे. दोन मोहरी सारख्याच बळाने एका प्रांतात शिरू लागली, तर दोन्ही जिथल्या तिथे राहतात. यास आपण ‘बरोबरी’ म्हणू. कुमक मिळालेल्या मोहऱ्याचे बळ एकाने वाढते. बळ अधिक असेल तरच समोरच्यास हुसकता येते.

आणखी एक नियम फार महत्त्वाचा. केंद्राची मालकी शरद ऋतूच्या चालीनंतर ठरते. वसंतात प्रांतात शिरले व शरदात तेथून निघून गेले, तर ते केंद्र आपले होत नाही. हंगामाच्या अखेरीस जो शेतात उभा, त्याचे पीक. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पहिल्या वर्षाच्या दोन चालींत किती थोडा अवकाश असतो हे कळून येते.

विस्तार : मोकळी बारा केंद्रे

पहिल्या वर्ष-दोन वर्षांचे वैशिष्ट्य असे, की त्या काळात कोणाचेही काही न घेता आपण वाढू शकतो. बारा केंद्रे बेवारस पडलेली असतात. ती संपली की चित्र पालटते. त्यापुढे एकाची वाढ म्हणजे दुसऱ्याची घट. म्हणून आरंभीच्या विस्तारात दोन प्रश्न एकदमच विचारावे लागतात. आज किती मिळेल हा एक, आणि मोकळी जमीन संपेल तेव्हा आपली मोहरी कोठे उभी असतील हा दुसरा. नवशिका खेळाडू पहिलाच प्रश्न विचारतो आणि तिसऱ्या वर्षी पटावरून उठतो.

भूगोलाप्रमाणे प्रत्येक सत्तेचे भाग्य निराळे आहे. फ्रान्सला स्पेन व पोर्तुगाल ही दोन केंद्रे जवळजवळ आंदण मिळालेली आहेत. मार्सेयची फौज वसंतातच स्पेनमध्ये जाते. ब्रेस्टचे आरमार अटलांटिकच्या मध्यभागी येते व शरदात पोर्तुगाल घेते. तेथे त्याला आडवा येणारा कोणी सहसा नसतो. इंग्लंड बेट असल्यामुळे त्याचे घर सुरक्षित, परंतु त्याची फौज जहाजावाचून निरुपयोगी. म्हणून लंडनचे आरमार उत्तर समुद्रात, एडिंबरोचे नॉर्वेजियन समुद्रात, आणि लिव्हरपूलची फौज एडिंबरोस आणून शरदात ती आरमाराच्या साहाय्याने नॉर्वेत उतरवावी, ही नेहमीची रीत. तुर्कस्तान पटाच्या कोपऱ्यात आहे. कॉन्स्टँटिनोपलची फौज बल्गेरियात गेली, की त्याचे एक केंद्र निश्चित. इटलीस ट्यूनिस एवढेच हक्काचे. त्यामुळे इटलीची वाढ मंद, आणि मंद वाढणाऱ्याला सबुरी हेच शस्त्र.

जर्मनी मध्यभागी आहे. कीलचे आरमार डेन्मार्कमध्ये, बर्लिनची फौज कीलमध्ये व तेथून शरदात हॉलंडमध्ये, अशा दोन केंद्रांची त्याची वाट सरळ आहे. म्युनिकची फौज रूर प्रांतात नेली तर शरदात बेल्जियमवरही हात टाकता येतो. तिसऱ्या केंद्राचा मोह येथेच पडतो. परंतु म्युनिक रिकामे झाले आणि पॅरिसची फौज त्याच वसंतात बर्गंडीत आली, तर शरदात ती म्युनिकच्या दाराशी उभी असते. मग जर्मनीस बेल्जियमचा नाद सोडून रूरची फौज परत म्युनिककडे वळवावी लागते. ती व फ्रेंच फौज सारख्याच बळाने म्युनिकमध्ये शिरू पाहतात, बरोबरी होते व घर वाचते. जर्मनीचे काही गेले नाही, फक्त तिसरे केंद्र हुकले. ज्याने परतण्याची वाट मोकळी ठेवली त्याचाच मोह असा स्वस्तात सुटतो.

रशियाजवळ मोहरी चार, पण सीमा सर्वांत लांब. सेवास्तोपोलचे आरमार रुमानियात जाऊ शकते. सेंट पीटर्सबर्गचे आरमार बॉथनियाच्या आखातात येऊन शरदात स्वीडन घेऊ पाहते. परंतु डेन्मार्कमधील जर्मन आरमाराने त्याच वेळी स्वीडनचा रोख धरला, तर बरोबरी होऊन रशियास स्वीडन मिळत नाही. यात जर्मनीचे काहीच जात नाही. त्याचे आरमार डेन्मार्कमध्येच राहते व ते केंद्रही त्याला मिळते. सबब रशियाने स्वीडन घ्यावयाचे ते जर्मनीच्या संमतीनेच. विस्तार हा केवळ आपल्या बळाचा प्रश्न नसून शेजाऱ्याच्या मर्जीचाही प्रश्न आहे, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

ऑस्ट्रियाची कसोटी

विस्तार व रक्षण यांची ओढाताण ऑस्ट्रियाइतकी कोणत्याच सत्तेच्या वाट्यास येत नाही. तिची मोहरी व्हिएन्ना, बुडापेस्ट व त्रिएस्त येथे. त्रिएस्तला लागूनच इटलीचे व्हेनिस. दोन निरनिराळ्या सत्तांची मूळ केंद्रे अशी एकमेकांना भिडलेली पटावर दुसरीकडे कोठेही नाहीत. उत्तरेस गालिसिया हा प्रांत. त्यात स्वतः रसदकेंद्र नाही, पण तो व्हिएन्ना व बुडापेस्ट या दोहोंस लागून आहे आणि वॉर्साहून रशियाची फौज एका चालीत तेथे येते.

आता दोन खेळाडू ऑस्ट्रिया कसा खेळतात ते पाहू.

पहिला म्हणतो, दक्षिणेस सर्बिया व ग्रीस ही दोन केंद्रे मोकळी आहेत, दोन्ही घ्यावी. तो वसंतात बुडापेस्टची फौज सर्बियात, त्रिएस्तचे आरमार अल्बानियात आणि व्हिएन्नाची फौज बुडापेस्टमध्ये नेतो. शरदात अल्बानियाचे आरमार सर्बियाच्या कुमकेने ग्रीसमध्ये शिरणार. हिशेब कागदावर बिनचूक आहे. परंतु समजा, त्याच वसंतात रशियाची फौज गालिसियात आली आणि इटलीची फौज मोकळ्या त्रिएस्तमध्ये शिरली. आता शरदात काय होईल? सर्बिया व ग्रीस मिळतील, हे खरे. त्रिएस्त गेले. व्हिएन्ना रिकामे आहे, बुडापेस्टमध्ये एकच फौज आहे, आणि गालिसियातील रशियन फौज दोहोंपैकी कोठेही जाऊ शकते. एका फौजेने दोन घरे राखावयाची. बुडापेस्टमध्येच थांबले व रशिया व्हिएन्नावर गेला, तर व्हिएन्ना जाते. व्हिएन्नाकडे धावले व रशिया बुडापेस्टवर गेला, तर बुडापेस्ट जाते. अंदाज चुकला तर बेरीज अशी होते : मूळची तीन, मिळाली दोन, गेली दोन, उरली तीन. आकडा पहिलाच राहिला, पण राज्य राहिले नाही. कारण नवी फौज केवळ आपल्या मूळ केंद्रांतच उभी करता येते, आणि मूळ केंद्र आता एकच उरले आहे.

दुसरा खेळाडू त्रिएस्तचे आरमार व्हेनिसच्या रोखाने, व्हिएन्नाची फौज गालिसियाच्या रोखाने व बुडापेस्टची फौज सर्बियात, असे हुकूम लिहितो. शेजाऱ्यांच्या चाली पूर्वीच्याच धरू. व्हेनिसची फौज त्रिएस्तकडे निघाली, त्रिएस्तचे आरमार व्हेनिसकडे निघाले. समोरासमोर आलेली समान बळाची मोहरी एकमेकांच्या जागा घेऊ शकत नाहीत, म्हणून दोन्ही जागीच राहिली. गालिसियात वॉर्साची व व्हिएन्नाची फौज यांची बरोबरी झाली, गालिसिया रिकामे राहिले. सर्बिया मात्र मिळाले. शरदात पुन्हा हेच हुकूम दिले व सर्बियातील फौज जागीच ठेवली, तर वर्षाअखेर ऑस्ट्रियाची केंद्रे चार, तिन्ही घरे शाबूत, आणि रिकाम्या बुडापेस्टमध्ये नवी फौज उभी.

या पद्धतीच्या आरंभास खेळाडूंनी ‘साळिंदर’ असे नाव दिले आहे. साळिंदर कोणावर चालून जात नाही, पण त्याला धरणाऱ्याचा हात सुखरूप राहत नाही. मात्र यातही एक खोच आहे. इटलीने व्हेनिसमधील फौज दुसरीकडेच नेली, तर आपले आरमार नको असताना व्हेनिसमध्ये जाऊन पडते आणि विनाकारण वैर उत्पन्न होते. म्हणून ही चाल इटलीस अगोदर सांगून करणेच श्रेयस्कर. रक्षणाची तयारीसुद्धा शेजाऱ्यास चढाई वाटू शकते. १९१४ पूर्वीच्या युरोपने हेच तर अनुभवले.

रक्षणाचे गणित

रक्षणाचे शास्त्र चार नियमांत सांगता येईल.

पहिला नियम : एकट्या मोहऱ्यास दोघे मिळून हुसकू शकतात, म्हणून मोहरी जोडीने ठेवावी. म्युनिकमध्ये एक फौज आहे व बर्लिनची फौज तिला कुमक देत आहे, असे समजा. म्युनिकचे बळ दोन झाले. बर्गंडी व रूर येथील दोन शत्रू मिळून चालून आले, तरी त्यांचे बळही दोनच. म्युनिक टिकते.

दुसरा नियम : कुमक देणाऱ्यावर हल्ला झाला, की कुमक तुटते. वरच्याच उदाहरणात सायलेशियातून तिसऱ्या शत्रूने बर्लिनवर चाल केली, तर तो बर्लिन घेऊ शकत नाही, पण बर्लिनची कुमक तुटते, म्युनिकचे बळ एक होते व ते पडते. म्हणून कुमक देणारे मोहरे शक्यतो शत्रूचा हात न पोहोचेल अशा मागच्या प्रांतात असावे. पुढे ढाल धरणारा आणि त्याला मागून खांदा देणारा, अशी ही रचना आहे.

तिसरा नियम युक्तीचा आहे. दोन मोहऱ्यांनी तीन प्रांत राखता येतात. बर्लिन व म्युनिक येथे फौजा आहेत व मधले कील रिकामे आहे. दोन्ही फौजांना कीलमध्ये जाण्याचा हुकूम द्यावा. शत्रू आला नाही, तर आपल्याच फौजांची बरोबरी होऊन त्या परत जागेवर राहतात. शत्रू एकटा कीलवर आला, तर त्याचीही बरोबरी होते. एकटा बर्लिनवर किंवा म्युनिकवर आला, तरी तेथली फौज जागेवरच असल्याने तो अडतो. शिवाय हिवाळ्यात नवे मोहरे उभारण्यास कील रिकामेच राहते. कुमक घेऊन आलेल्या शत्रूपुढे मात्र ही युक्ती चालत नाही.

चौथा नियम वर येऊन गेलाच आहे, पण त्याचा दुसरा अर्थ सांगावयास हवा. नवे मोहरे मूळ केंद्रातच, आणि तेही ते केंद्र रिकामे असेल तरच उभे राहते. म्हणजे सर्व फौज घरात दडवून बसणारा केंद्रे मिळवूनही सैन्य वाढवू शकत नाही, आणि सर्व फौज बाहेर धाडणाऱ्याचे घरच राहत नाही. नेमके किती बाहेर व किती आत, याचे प्रमाण प्रत्येक हंगामात नव्याने ठरवावे लागते.

संधी आणि विग्रह

आपल्याकडील राजनीतीच्या अभ्यासकास या खेळात अपरिचित असे फार थोडे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडलाचा विचार आहे. विजिगीषू राजाच्या सीमेला लागून असलेला राजा तो अरी, त्याच्या पलीकडचा तो मित्र, आणि आपण पुढे चाल केली असता पाठीमागून टाच धरणारा तो पार्ष्णिग्राह. ऑस्ट्रियाच्या दृष्टीने तुर्कस्तानावर चाल करताना गालिसियाकडे पाहणारा रशिया किंवा त्रिएस्तकडे पाहणारा इटली हा पार्ष्णिग्राहच नव्हे काय? संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव ही कौटिल्याची सहा गुणांची चौकट पटावर जशीच्या तशी बसते. एकाशी तह करून दुसऱ्याशी युद्ध करणे तो द्वैधीभाव. सात खेळाडूंच्या या पटावर त्यावाचून कोणाचेही चालत नाही. संधी व विग्रह यांपासून लाभ सारखाच असेल तर संधीच पत्करावी, कारण विग्रहात क्षय व खर्च असतो, असे कौटिल्याचे मत आहे. पहिल्या वर्षापुरते तरी ते प्रत्येक खेळाडूने मनात बाळगावे.

येथे पालकांच्या मनात एक शंका येणे साहजिक आहे. या खेळात दिलेला शब्द मोडण्यास नियमाने बंदी नाही. मग असा खेळ मुलांच्या हाती द्यावा काय? आम्ही या शंकेचा विचार केला आहे. आमचे उत्तर असे, की बंदी नसते तेथेच शब्दाची किंमत कळते. पहिल्या वर्षी ज्याने बर्गंडी रिकामे ठेवण्याचे वचन देऊन तेथे फौज घातली, त्याला एक प्रांत मिळतो. पण पुढे कितीही वर्षे डाव चालला, तरी त्याच्या बोलण्यावर कोणी सहजी विसंबत नाही. आणि एकट्याच्या बळावर अठरा केंद्रे मिळत नाहीत, कुमक दुसऱ्यांकडूनच यावयाची असते. उलट, जो थोडी वचने देतो व दिलेली पाळतो, त्याच्याकडे संकटकाळी कुमक चालत येते. कोणावर किती विश्वास टाकावा आणि विश्वास चुकला तरी निभाव लागेल अशी तजवीज कशी ठेवावी, हे ज्ञान पुस्तकातून सहसा मिळत नाही. एक मर्यादा मात्र कडक पाळली पाहिजे. पटावरचा रोष पट मिटताना मिटला पाहिजे. तो वर्गात आणणाऱ्याने हा खेळ खेळू नये.

पटाच्या कडेपलीकडे

पटाची पूर्व बाजू सीरिया व आर्मेनिया या प्रांतांपाशी संपते. त्यापलीकडे नकाशा कोरा आहे. परंतु इतिहास तेथे संपला नव्हता, आणि तो आपल्या घरापर्यंत येतो. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने तुर्की साम्राज्याच्या मेसोपोटेमिया प्रांतात जी फौज धाडली, तीत ‘पुणे डिव्हिजन’ या नावाने ओळखले जाणारे सहावे डिव्हिजन होते आणि त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली हे सैन्य तैग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत गेले. विजयामागून विजय मिळत गेले, सप्टेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा घेतले, तसा बगदादचा मोह पडला. मागची रसद नदीतील थोड्या बोटींवर अवलंबून होती, आणि ती वाट रोज लांबत होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे मोठी हानी होऊन सैन्य मागे फिरले व कुतमध्ये अडकले. डिसेंबरपासून वेढा पडला. सोडवणुकीसाठी आलेल्या सैन्याचे प्रयत्न एकामागून एक फसले. अन्न संपत आले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या स्वाधीन झाले. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. त्यांतील पुष्कळ जण कैदेतून परतलेच नाहीत.

पटावर आपण अल्बानियात एक आरमार सरकवितो आणि घर रिकामे पडते, तेव्हा एक लाकडी ठोकळा पटावरून उचलला जातो. कुत येथे तीच चूक माणसांवर बेतली, आणि हुकूम लिहिणारे ते सोसणाऱ्यांपासून फार दूर होते. या खेळातील केंद्रांना ‘रसद’ हे नाव का दिले असावे, याचा विचार विद्यार्थ्यांनी या संदर्भात जरूर करावा.

अभ्यासासाठी

सात विद्यार्थी, भिंतीवरच्या नकाशावरून काढलेला एक पट, रंगीत खडूंचे तुकडे किंवा बटणे आणि कागदाच्या चिठ्ठ्या एवढ्या साहित्यावर हा खेळ सुट्टीत मांडता येतो. आठवा कोणी मिळाल्यास त्याने चिठ्ठ्या वाचून निवाडा करावा. पूर्ण डावास पुष्कळ तास लागतात. परंतु १९०१ व १९०२ ही दोनच वर्षे खेळून थांबले आणि कोणाची केंद्रे किती, घरे किती शाबूत व मित्र किती उरले याची नोंद केली, तरी पाठ पुरा होईल. तत्पूर्वी पुढील प्रश्न सोडवून पाहावेत.

१. वसंत १९०१ मध्ये पॅरिसची व म्युनिकची अशा दोन्ही फौजा बर्गंडीकडे निघाल्या. कोणासही कुमक नाही. चालीनंतर त्या कोठे असतील? यात अधिक लाभ कोणाचा?

२. तुर्कस्तानची फौज वसंतात बल्गेरियात शिरली व शरदात तेथून ग्रीसमध्ये गेली. त्या वर्षी तुर्कस्तानला कोणते केंद्र मिळाले, व कोणते हातचे गेले?

३. इंग्लंडने वर सांगितलेल्या रीतीने नॉर्वे घेतले. हिवाळ्यात नवे मोहरे कोणकोणत्या केंद्रांत उभारता येईल? तेथे फौज उभारावी की आरमार, हे सकारण सांगा.

४. ऑस्ट्रियाच्या पहिल्या खेळाडूने वसंताची चाल होण्यापूर्वी रशिया व इटली यांच्याशी कोणती बोलणी करावयास हवी होती? त्या दोघांनी दिलेला शब्द मोडला तरी घर राखले जाईल, असे हुकूम त्याच्या जागी तुम्ही कसे लिहाल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना दोन्ही शेजारी शब्द पाळतील अशा समजुतीने एकदा, आणि दोन्ही मोडतील अशा समजुतीने एकदा, असे दोनदा हुकूम लिहावेत. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांतील जे हुकूम सारखेच आले असतील, ते निःशंक मनाने द्यावेत. जे निराळे आले असतील, तेवढ्यांसाठीच शेजाऱ्याकडे जाऊन बोलावे.